गवतावरचा ग्लोव्ह

बफेलो, २९ एप्रिल १९०६

मावशी,

रागावली असशील, तरी पत्र पूर्ण वाच. चुलीत घालायचं तर वाचून झाल्यावर घाल.

मला घेतलं! हंगामी नाही, चांगला कायमचा गडी म्हणून घेतलं. आता बेसबॉल हाच माझा धंदा. माझी जागा उजवीकडे, मैदानाच्या पार टोकाला. मागे उंच लाकडी कुंपण आणि पुढे नुसतं गवत. चेंडू माझ्याकडे सारखा येत नाही, पण येतो तेव्हा थेट आभाळातून येतो. दुपारचा सूर्य नेमका माझ्या समोर असतो, म्हणून ही जागा कोणालाच नको असते. नव्या माणसाच्या गळ्यात बांधतात. मला काय, मी खूश आहे.

इथली एक गंमत सांगतो. आमची बॅटिंग आली की आम्ही ग्लोव्ह बरोबर नेत नाही, तिथेच गवतावर टाकून जातो. मग समोरच्या संघाचा माणूस येऊन त्याच जागी उभा राहतो आणि त्याची पाळी संपली की तोही आपला ग्लोव्ह माझ्या ग्लोव्हशेजारी टाकून जातो. आपल्याकडे कोणी खुरपं असं शेतात टाकून गेलं असतं तर बिशप लँडिसनी रविवारी त्याचं नाव घेऊन प्रवचन केलं असतं.

सोबत एक पास पाठवतोय. मावशी, एकदा ये. एकदाच मला खेळताना बघ. लहानपणी मी कोठाराच्या भिंतीवर चेंडू आपटायचो तेव्हा तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, पण खिडकी कधी लावून घेतली नाहीस. ते माझ्या लक्षात आहे.

आणि एक विनंती. पत्रात मला बूबली लिहू नकोस. खोलीत आम्ही चौघं आहोत आणि मेले एकमेकांची पत्रं वाचतात.

तुझा,
अर्विन

•

मिलबाख, ७ मे १९०६

माझ्या बूबली,

वाचायचं तर वाचू देत मेल्यांना. तुझी आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. तुला ज्या बाईने वाढवलं तिला तुला बाळ म्हणायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. चौघांनाही माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आधी आपापल्या आयांना पत्रं लिहा.

पास परत पाठवते आहे. तुझा बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून तू जगाच्या मागे गेलास तरी तुला घराचं दार उघडं आहे. माझा झालाय. तरुणपणी सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून मी शब्द दिलाय, की असल्या तमाशाला जाणार नाही. त्या आवाराच्या आत माझं पाऊल पडायचं नाही, अर्विन. मला आवडेल की नाही, हा प्रश्नच नाही. तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

पोटभर जेवतोस ना? शहरातला पाव म्हणजे कापूस. सोबत सफरचंदाच्या करंज्या पाठवल्या आहेत, सुकवलेल्या फोडींच्या. चुरा झाला तर टपालवाल्याला शिव्या घाल, मला नको.

आणि तो शेजारचा ग्लोव्ह कोणाचा असतो? माणूस कसा आहे? आपलं पोर कोणाच्या शेजारी आपली वस्तू ठेवतं, ते घरच्यांना ठाऊक असावं.

तुझी मावशी,
सॅलोमी

•

बफेलो, ११ जुलै १९०७

मावशी,

माणूस कसा आहे म्हणून मागच्या वर्षी विचारत होतीस ना? आता सांगतो. बाकीचे बरे आहेत. पण न्यूअर्कच्या संघात मॅलकी टिअर्नी म्हणून एक लाल केसांचा आयरिश आहे, तो माझ्यासारखाच उजवीकडे खेळतो. त्या माणसाच्या हाडांत खोड्या आहेत.

काल मी धावत जाऊन ग्लोव्ह उचलला, हात घातला, तर आत बेडूक! जिवंत. मी केवढ्याने किंचाळलो म्हणून सांगू. सगळं मैदान हसायला लागलं, आमचे लोकसुद्धा. तो तिकडे बाकावर बसून शेंगा खात होता, जणू त्या गावचाच नाही.

मी त्याच्या ग्लोव्हमध्ये चिखल भरला. आज त्याने माझ्यात चघळलेला तंबाखू ठेवला. समोरासमोर दोन शब्द सुनवावे म्हटलं, तर सोय नाही. समोरच्या संघाच्या माणसाशी मैदानात बोललं की मॅनेजर दंड करतो. त्यामुळे आम्ही रोज एकमेकांच्या शेजारून जातो आणि बोलत नाही. आता मी काय करू, तूच सांग.

यंदाचा पास सोबत आहे. परत पाठवशील, ठाऊक आहे.

अर्विन

•

मिलबाख, १६ जुलै १९०७

बूबली,

पास परत. बेडकाचं वाचून मला इतकं हसू आलं की ओबेडने गिरणीतून डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं म्हणून. त्यालाही सांगितलं. आता सगळ्या मिलबाखला ठाऊक आहे.

चिखल काय भरतोस रे? बुद्धी कुठे गहाण ठेवलीस? सूड घेणं आपल्यात पाप आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. पण कोणाला खायला देणं पाप नाही. सोबतच्या डब्यात आपल्या तळघरातलं लिंबर्गर चीज आहे. पुरतं मुरलेलं. काल झाकण काढलं तर मांजर घर सोडून गेलं. हे त्या माणसाच्या ग्लोव्हमध्ये अगदी तळाशी, बोटांच्या जागी नीट बसव. मी हे त्याने खावं म्हणूनच देते आहे, माझं मन स्वच्छ आहे. त्याने न बघता हात घातला तर तो त्याचा उतावीळपणा.

काय झालं ते लगेच कळव.

मावशी

•

न्यूअर्क, ३ ऑगस्ट १९०७

मावशी,

घात झाला. त्याला आवडलं!

त्याने हात घातला, बाहेर काढला, वास घेतला. मी बाकावरून बघत होतो, आमची अख्खी पलटण बघत होती. आता नाचेल, मग नाचेल. तर हा बाबा ग्लोव्ह उलटा करतो, चीज तळहातावर घेतो आणि उभ्या उभ्या खायला लागतो! तिकडे आमचा माणूस बॅटिंगला उभा, इकडे हा बोटं चाटतोय. एक चेंडू त्याच्या दिशेने आला तो त्याने उरलेलं चीज गालात धरून झेलला.

पुढच्या वेळी माझ्या ग्लोव्हमध्ये कागद होता, तुझ्या चीजचाच. स्वच्छ पुसून चौकोनी घडी घातलेला, आणि घडीवर पावाचा एक कोरडा तुकडा. अर्थ सरळ आहे: पाव आहे, चीज संपलं.

आता काय करायचं?

अर्विन

•

मिलबाख, ८ ऑगस्ट १९०७

बूबली,

करायचं काय त्यात? भुकेला माणूस दिसतोय. सोबत चीज आहे, आणि करंज्या आहेत. त्यातल्या अर्ध्या त्याच्या. तू सगळ्या खाल्ल्यास तर मला कळेल.

कडा दाबायला मी काटा वापरत नाही, अंगठ्याने दाबते, तेव्हा घट्ट बसतात. त्याला म्हणावं सांडू नको. अरे हो, तुम्ही बोलत नाही, नाही का. मोठी शहाणी माणसं.

मावशी

•

मिलबाख, २० सप्टेंबर १९१०

बूबली,

टिअर्नीने घडी घालून पाठवलेला कागद मिळाला. दर वर्षी हे असंच चालायचं का? या माणसाचं लग्नबिग्न नाही का कोणी करून देत? तरी यंदाच्या करंज्यांत दालचिनी जास्त घातली आहे, मागच्या वेळच्या फिक्या झाल्या होत्या.

आता एक विचारते. ओबेड गिरणीवर वर्तमानपत्र घेतो आणि मी दळण न्यायला गेले की मुद्दाम मोठ्याने वाचतो. मी ऐकत नाही. पण कान काही लावून घेता येत नाहीत. परवा त्याने वाचलं, अर्विन क्रायडरने सोपा झेल सोडला. त्याच्या आधीच्या आठवड्यातही तसंच काहीतरी होतं. तू तर कोठाराच्या छपरावरून घरंगळत येणारा चेंडू मागे न बघता धरायचास. काय होतंय?

मावशी

•

बफेलो, २६ सप्टेंबर १९१०

मावशी,

काही होत नाहीये. गवत ओलं होतं, पाय घसरला. वर्तमानपत्रवाल्यांना काहीतरी लिहायला लागतं. तू ओबेडकडे दळण देऊच नकोस.

तब्येत उत्तम. हिवाळ्यात येतो.

अर्विन

•

न्यूअर्क, १९ ऑगस्ट १९११

मावशी,

आज मी एक वाईट गोष्ट केली, पण ती करायला मला भाग पाडलं गेलं. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी मीच सांगतो.

या आठवड्यात माझे दोन झेल सुटले. लोक आता मला नावं ठेवायला लागलेत. कोणी आंधळ्याची काठी आणून मला दाखवतं, कोणी कुत्र्याला हाक मारून सांगतं, की या आंधळ्या बाबाला घरी सोडून ये. असू दे. प्रेक्षकांनी केलं तर मी गिळतो. पण आज ग्लोव्ह उचलला तर आत काय? काळा चष्मा! आंधळ्या भिकाऱ्याच्या डोळ्यांवर असतो ना, तसा. टिअर्नीने ठेवलेला.

मावशी, चार वर्षं तुझ्या हातचं खाल्लेला माणूस! बेडूक ठेव, तंबाखू ठेव, मी हसेन. पण हे? माझं डोकंच फिरलं. डाव बदलताना तो शेजारून जात होता, मी वळलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो खाली पडला. उठला, ओठ पुसला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याने हातही उचलला नाही. मला पंचांनी बाहेर काढलं.

ती वस्तू सोबत पाठवतो आहे. तूच बघ आणि सांग, मी चुकलो का.

अर्विन

•

मिलबाख, २३ ऑगस्ट १९११

अर्विन,

हात उचललास? तू? आपल्या घरात तीन पिढ्यांत कोणी कोणाला चापट मारली नाही. चेंडू खेळतोस ते मी सोसलं. हे सोसवत नाही. 

मग ती वस्तू हातात घेतली.

गाढवा, तू ती नीट पाहिलीस तरी का? थट्टा करणारा माणूस बाजारातून दिडकीचा चष्मा आणून टाकतो. ह्या काचा घरी केलेल्या आहेत. दिव्याच्या काजळीवर धरून काळ्या केल्यात, आणि सगळीकडे सारख्या. मागे सूर्यग्रहणाच्या वेळी मी एक काच धुरावर धरली होती, तेव्हा सारखा थर बसेपर्यंत माझा जीव गेला होता. ह्याने तर काजळी पुसली जाऊ नये म्हणून वर दुसरी काच बसवली आहे. कडा घासून बोथट केल्यात, चुकून पापणीला लागू नये म्हणून. भोवती चामड्याची पट्टी शिवली आहे, टोपीखाली बांधायला. टाके वेडेवाकडे आहेत. शिवणकाम न येणाऱ्या पुरुषाचे आहेत. सुई किती वेळा टोचून घेतली असेल बिचाऱ्याने.

हसं करायला कोणी एवढं करतं का रे? तो तुझ्याच जागी उभा राहतो. तुझ्या डोळ्यांत जे ऊन जातं तेच त्याच्याही डोळ्यांत जातं. तू काय करतो आहेस ते त्याला दिसलं. तोंडाने बोलायची सोय नाही म्हणून त्याने ग्लोव्हमध्ये ठेवलं. आणि तू त्याचा ओठ फोडलास.

आता माझा प्रश्न. न्यूअर्कच्या परक्या माणसाला कळतं की माझ्या पोराच्या डोळ्यांना काहीतरी झालंय, आणि मला तू लिहितोस की गवत ओलं होतं? गेल्या वर्षी सबंध उन्हाळा पाऊस नव्हता. ओबेड गिरणीच्या ओढ्याकडे बघून रडत होता. माझ्या लक्षात आलं होतं. पण तू आपणहून सांगशील म्हणून गप्प बसले. आता सांग.

चष्मा परत पाठवते. पट्टीचे टाके उसवून मी पुन्हा घातलेत. काळी फीत माझ्या डोक्यावरच्या बॉनेटची आहे. घालायचा. ऐकतोयस ना? घालायचा.

मावशी

•

बफेलो, १ सप्टेंबर १९११

मावशी,

सांगतो.

उजव्या डोळ्याच्या मधोमध एक डाग आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं उन्हाकडे बघून पडलाय आणि आता जाणार नाही. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. चेंडू वर जातो, डागात शिरतो, आणि बाहेर येतो तेव्हा डोक्यावर आलेला असतो. मान वाकडी करून मी निभावत होतो. टिअर्नीने ती मान बघितली असणार.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या लीगकडून एक माणूस मला बघायला आला होता. तुला कळवलं नाही, झाल्यावर एकदम सांगायचं होतं. त्याच दिवशी चेंडू पहिल्यांदा असा हरवला. तो माणूस सामना संपायच्या आधीच गेला.

तुझ्यापासून लपवलं, कारण तू म्हणाली असतीस, घरी ये. आणि मला अजून यायचं नाहीये, मावशी. मला भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही. आणि शिवाय तू मला एकदाही खेळताना पाहिलेलं नाहीस. असाच परत आलो तर मी एवढी वर्षं काय करत होतो, ते माझ्या माणसांपैकी कोणालाच ठाऊक नसेल.

टिअर्नीच्या ग्लोव्हमध्ये मी तुझ्या सफरचंदाच्या मुरंब्याची अख्खी बरणी ठेवली. मग चष्मा बांधून माझ्या जागी गेलो. तो बरणी घेऊन बाकावर बसून बघत होता. मी चष्म्याला हात लावून दाखवला. त्याने झाकण उघडलं, बोट बुडवून चाखलं आणि दुसरीकडे बघितलं. मिटलं असं समजतो.

चष्म्याने फरक पडतो. ऊन बोचत नाही. पण डाग आहे तो आहेच.

अर्विन

•

बफेलो, २ सप्टेंबर १९१२

मावशी,

मॅनेजरने आज बोलावून सांगितलं. हा हंगाम शेवटचा. माणूस चांगला आहे, सांगताना माझ्यापेक्षा त्यालाच जड जात होतं.

शेवटचा सामना शनिवारी, चौदा तारखेला, न्यूअर्कला आहे. पास सोबत आहे. तुला शब्द मोडायला सांगत नाही. पण पाठवल्याशिवाय राहवलं नाही.

अर्विन

•

मिलबाख, ६ सप्टेंबर १९१२

बूबली,

पत्र पोचलं. आवाराच्या आत माझं पाऊल पडायचं नाही, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ते आजही तसंच आहे.

चष्मा लाव. पोटभर जेवून मैदानात जा.

मावशी

•

न्यूअर्क, १५ सप्टेंबर १९१२

मावशी,

तू या वेळी पास परत पाठवला नाहीस. विसरली असशील असं मला वाटलं होतं. आता काय वाटायला हवं ते कळत नाही. काल घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मैदान न्यूअर्कचं, म्हणून आधी ते उभे राहिले आणि आम्ही बॅटिंग केली. पहिल्या दोन डावांत काही विशेष नाही. तिसऱ्या डावात मी माझ्या जागी गेलो, ग्लोव्ह उचलला, तर आत सफरचंदाची करंजी. अख्खी, कडा अंगठ्याने दाबलेल्या. खरं सांगतो, मला आधी रागच आला. म्हटलं, शेवटच्या दिवशी मावशी पार्सल पाठवते ते टिअर्नीला, आणि मला त्याच्या हातून! खाल्ली मात्र.

टिअर्नीचं डोकं फिरल्यासारखं झालं होतं. शेजारून जाताना प्रत्येक वेळी दात काढत होता. बॅटिंगला आला तर एवढ्या जोराने बॅट फिरवायचा की स्वतःच भुईवर पडायचा. पहिल्यांदा तसाच बाद, दुसऱ्यांदाही तसाच. त्यांचा मॅनेजर ओरडत होता, अरे काय झाडं तोडतोयस का! एरवी हा माणूस चेंडू हळूच मोकळ्या जागेत ढकलणारा.

आठव्या डावात तो पुन्हा आला. दोन गडी बाद होते. त्याने बॅट फिरवली आणि नुसत्या आवाजावरून मला कळलं, हा चेंडू पार मागे जाणार. समोर बघून उपयोगच नव्हता, सूर्य तोंडावर होता. मी पाठ फिरवली आणि कुंपणाकडे धावत सुटलो. सूर्य मागे गेला. मान वर केली आणि मावशी, मला चेंडू दिसला! कित्येक महिन्यांनी स्वच्छ दिसला, डोक्यावरून येताना, शिवणीसकट. हात लांब केला. तो ग्लोव्हमध्ये बसला आणि मी छातीने कुंपणावर आपटलो.

आणि फळ्यांच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "बूबली."

मोठ्याने नाही. तू सकाळी उठवायचीस तसं.

डाव संपला होता, सगळे आत चालले होते, आणि मी कुंपणाला हात लावून उभा. टिअर्नी धावत आला, माझ्याशेजारी थांबला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "बघतोस काय खांबासारखा? जा, तुमची बॅटिंग आहे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ऊन असेल.

सामना संपल्यावर मी कुंपणाला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेलो. कोणी नव्हतं. फळीतल्या एका भोकाखाली गवत तुडवलेलं होतं आणि करंजीचा चुरा पडला होता.

मावशी, ती तू होतीस का?

अर्विन

•

मिलबाख, १९ सप्टेंबर १९१२

माझ्या बूबली,

दुसरं कोण असणार?

मी आवाराच्या आत पाऊल टाकलेलं नाही, हे आधी नीट वाच. तुझं पहिलंच पत्र मला पाठ आहे. मागे उंच लाकडी कुंपण, असं त्यात लिहिलं होतंस. न्यूअर्कलाही तसंच असणार. आता कुंपण म्हटलं की त्याला बाहेरची बाजू असणार, आणि बाहेरचा रस्ता सरकारचा. लाकूड म्हटलं की त्यात गाठी असणार, आणि गाठ कधी ना कधी गळून पडणार. एवढं सुतारकाम मलाही कळतं. फिलाडेल्फियापर्यंत बाजारच्या गाडीने गेले, तिथून पुढे विचारत विचारत. आगगाडीत लोक माझ्या बॉनेटकडे बघत होते. बघेनात का.

भोक सापडलं, डोळा लावला, आणि समोरच तू उभा! पाठमोरा. पाय फाकवून, गुडघ्यांवर हात ठेवून. माझं ऊर इतकं भरून आलं म्हणून सांगू. म्हटलं, पोरगं खांद्यांत चांगलं भरलंय. पहिली पाळी पूर्ण मी तुझ्यासाठी प्रार्थना केली, चेंडू नीट येऊ दे, डोळा सांभाळ. चेंडू आला, तू धरलास, मी देवाचे आभार मानले. मग तू घाम पुसायला टोपी काढलीस, तर केस लालभडक!

मला काय ठाऊक, आधी कोण उभं राहतं ते? ती सबंध पाळी मी टिअर्नीच्या नावाने देवाला साकडं घालत होते. फुकट गेलं नाही म्हणा.

मग पाळी बदलली आणि तू आलास. पण मला आता कोणाच्याच पाठीचा भरवसा राहिला नव्हता. म्हणून तिसऱ्या डावाच्या सुरुवातीला लाल केस परत आले तेव्हा मी भोकातून हाक मारली, "अहो, मघा इथे उभा होता तो क्रायडरच ना? मी त्याची मावशी." त्याने मागे न बघता विचारलं, "चीजवाल्या मावशी?" मी म्हटलं, हो. तर तो कुंपणाकडे सरकत सरकत आला, बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मावशी, एवढी वर्षं जेवू घातलंत, आणि मी तुम्हाला नमस्कारही करू शकत नाही, मॅनेजर बघतोय." मी फळीखालच्या फटीतून दोन करंज्या सरकवल्या. एक तुझ्यासाठी. म्हटलं, मी आलेय हे त्याला सांगू नका, त्याचं लक्ष उडेल. त्याने विचारलं, "दिसतोय ना नीट?" मी म्हटलं, "कसला दिसतोय! एवढ्या लांबून आले आणि नुसती पाठ बघतेय."

त्यावर तो म्हणाला, "थांबा मावशी. पाठवतो त्याला तुमच्याकडे."

म्हणून तो बिचारा झाडं तोडत होता.

आणि मग तू आलास. थेट माझ्याकडे धावत, मान वर करून. हिवाळ्यात घरी येऊन चुलीपाशी बसतो तो अर्विन मला ठाऊक आहे, गप्प असतो, कसली ना कसली काळजी करत असतो. हा तो नव्हता. हा कोठारापाशी होता तो, सात-आठ वर्षांचा, जेवायला बोलावलं तरी न येणारा. तुझं तोंड उघडं होतं आणि तू हसत होतास. आपण हसतोय हे तुला कळलंही नसेल. फळी माझ्या नाकावर आपटली, अजून काळंनिळं आहे. मला रडू फुटलं आणि तोंडातून जे निघायचं ते निघालं. तू एवढी वर्षं काय करत होतास, ते आता तुझ्या एका माणसाला ठाऊक आहे. मी बघितलंय.

वळसा घालून येशील हे कळलं होतं, पण परतीची गाडी होती, आणि नाकातून रक्त येत होतं. तसं तोंड घेऊन तुला भेटायचं नव्हतं.

रविवारी मी स्वतःच बिशप लँडिसकडे गेले आणि सगळं सांगितलं. आत पाऊल टाकलं नाही, पण डोळा आत गेला होता, हेही सांगितलं. ते बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. मी मनाची तयारी केली, आता मंडळीसमोर उभं करणार. शेवटी हळूच म्हणाले, "सॅलोमी, धरला का त्याने?"

म्हटलं, "धरला."

"बरं," म्हणाले, आणि घोड्याला दाणा घालायला निघून गेले.

पुढच्या महिन्यात सफरचंदाच्या मुरंब्याची मोठी कढई अंगणात चढवायची आहे. लांब दांडा दिवसभर ढवळायला दोन माणसं लागतात. तू ये, आणि टिअर्नीला घेऊन ये. इथे मॅनेजर नाही, काय बोलायचं ते बोला. पुढे काय करायचं ते ढवळता ढवळता ठरेल. घाबरू नकोस. मी आहे.

यंदाचा पास परत पाठवते आहे. वापरलेला नाही.

तुझी मावशी,
सॅलोमी